दारात दोन मिनिटं हात धुतो, तरी एसएनसीयूत क्लेबसिएला कसा येतो?

इनचार्ज_सिस्टर (जळगाव जिल्हा)

नमस्कार. आमचा एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष, १२ खाटांचा आहे, सध्या सरासरी १५ बाळं आणि एका पाळीला तीन सिस्टर. गेल्या दहा दिवसांत दोन बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू आला. कोणत्या औषधाला दाद देतो, कोणत्याला नाही, हा तक्ता दोघांचा जवळपास सारखाच आहे. दोन्ही बाळं १५०० ग्रॅमच्या आतली, दोघांना सलाईन. एक पाचव्या दिवशी बिघडलं, दुसरं सातव्या.

आत येताना प्रत्येक जण चप्पल बदलतो, कोपरापर्यंत दोन मिनिटं साबणाने हात धुतो. त्यात सूट कुणालाच नाही, डॉक्टरांनाही नाही. बेसिन दोन: एक दारात, दुसरं आत, औषधं भरायच्या टेबलाला लागून. सॅनिटायझरच्या बाटल्या दोन वॉर्मरमध्ये (बाळाला ऊब देणारे उघडे पाळणे) एक अशा ठेवल्यात. महिन्याला ५०० मिलिच्या २० बाटल्या संपतात. उन्हाळ्यात इथे पारा ४४-४५ वर जातो, नळाला पाणी एक दिवसाआड, मध्येच टँकर. सॅनिटायझर हातावर घेतलं की लगेच उडून जातं. पाण्याने वारंवार धुतलं तर हात फुटतात, दोन सिस्टरच्या बोटांना भेगा आहेत.

विचारायचं ते असं: चूक हातांतच आहे की शोध दुसरीकडे घ्यावा? कक्ष रिकामा करून फ्युमिगेशन (जंतुनाशकाची वाफ सोडणं) करावं का? आणि केएमसीसाठी (कांगारू मदर केअर, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवणं) येणाऱ्या आयांच्या हातांचं काय करायचं? बांगड्या काढायला सांगितलं की घरचे नाराज होतात.

नवजात_धुळे

सिस्टर, तुमच्या आकड्यांतच बरंचसं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

२० बाटल्या म्हणजे महिन्याला १० लिटर. १५ बाळं गुणिले ३० दिवस म्हणजे ४५० बाळ-दिवस. भागाकार केला की दर बाळामागे दिवसाला २२ मिलि येतं. एका वेळी नीट ३ मिलि घेतलं तर २४ तासांत एका बाळासाठी साधारण सात वेळा हात चोळले गेले. सलाईनवरच्या, तीन तासांनी दूध घेणाऱ्या बाळाला दिवसात पंचवीस-तीस वेळा तरी हात लागतो. आधीचं आणि नंतरचं चोळणं धरलं, काही प्रसंग एकत्र केले, तरी चाळीसच्या आसपास वेळा होतात. म्हणजे १२० मिलि. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यांकनात १००० रुग्ण-दिवसांना २० लिटर हा किमान आकडा धरतात. तो तुम्ही पार केलाय, पण तो आकडा साऱ्या रुग्णालयाचा आहे. नवजात अतिदक्षतेत तेवढ्याने काहीच भागत नाही.

दारातलं दोन मिनिटांचं धुणं चालूच ठेवा. त्याने बाहेरचं बाहेर राहतं. पण क्लेबसिएला आता आतच आहे. तो एखाद्या बाळाच्या आतड्यात बसतो, लंगोटातून, चादरीवरून हातावर येतो आणि हातावरून दुसऱ्या बाळाच्या कॅन्युलात (शिरेत घातलेली बारीक नळी) जातो. या प्रवासात दार कुठेच लागत नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रक्तात सापडलेल्या जंतूंत असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हेच आघाडीवर होते. आपल्याकडच्या कक्षांत रोज ज्यांच्याशी गाठ पडते ते हेच.

पाच क्षणांचा तक्ता भिंतीवर असेलच: बाळाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, मल-मूत्र-रक्ताचा संपर्क आल्यावर, बाळाला हात लावून झाल्यावर, बाळाभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यावर. यातला दुसरा क्षण सगळ्यात जास्त सुटतो. कारण साधं आहे, बाळ तेच असतं. सिस्टर लंगोट बदलते, चादर सरळ करते आणि त्याच हाताने थ्री-वेचं (सलाईनच्या नळीवरचा तीन तोंडांचा जोड) झाकण उघडून औषध देते. ‘एकाच बाळाचं काम चाललंय, मध्येच हात कशाला चोळायचे’ असं वाटतं. पण बाळाच्या आतड्यातला जंतू त्याच बाळाच्या रक्तात घालायचा याहून जवळचा रस्ता नाही. सातव्या दिवशी बिघडलेल्या बाळात माझा पहिला संशय इथेच.

यावर दोन गोष्टी करा. कामाचा क्रम लावून घ्या: आधी कॅन्युलाचं औषध, मग डोळे-तोंड, मग दूध, शेवटी लंगोट. आणि कामं एकत्र बांधा. ट्रे आधी पूर्ण भरून वॉर्मरजवळ न्यायचा: सिरिंज, स्वॅब, चिकटपट्टी, थर्मामीटर, कोरडी लंगोट. मध्ये एकदा जरी कपाटाकडे जावं लागलं तरी परत आल्यावर हात चोळणं आलंच, आणि घाईत सुटतं ते हेच. तीन सिस्टर आणि पंधरा बाळं या हिशेबात हात चोळायचे प्रसंगच कमी होतील अशी कामाची मांडणी हवी. नुसतं ‘जास्त वेळा हात धुवा’ म्हणून काही होणार नाही, माणसाला तेवढा वेळच नसतो.

बाटली दोन वॉर्मरमध्ये एक नको. प्रत्येक वॉर्मरला एक, उजव्या हाताला, बाळासमोर उभं राहून न वळता पोचेल अशी. बाटलीवर मार्करने उघडल्याची तारीख लिहा आणि रोज सकाळी पातळीची रेघ मारा. कुठल्या खाटेची बाटली हलतच नाही हे आठवड्यात दिसेल. तेवढ्यावरून कुणाला बोलू नका. आधी ती खाट पाहा. बहुतेक वेळा बाटली मॉनिटरच्या मागे तरी गेलेली असते, नाहीतर पंप तरी तुटलेला असतो.

हातमोज्यांचंही सांगतो. मोजे घालून एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाणं हे उघड्या हातांपेक्षा वाईट, कारण मोज्याचा हात घाण झालेला जाणवतच नाही. मोजे फक्त रक्त, शी, सक्शन अशा कामांना. काढल्यावर हात चोळायचेच.

फार्मसी_शिरपूर

सॅनिटायझर लगेच उडतं याचं कारण बहुतेक वेळा ऊन नसून मात्रा असते. एक ५ मिलिची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, टोकावर बोट दाबा आणि वरून एक पंप मारा. बऱ्याच पंपांतून एका दाबात सव्वा-दीड मिलिच येतं. म्हणजे दोन पंप हवेत. हात २० ते ३० सेकंद ओले राहिले पाहिजेत. त्याआधी सुकले तर मात्रा कमी पडली, आणखी घ्या. मे महिन्यात पंख्याखाली किंवा वॉर्मरच्या हीटरखाली उभं राहून चोळलं तर तिसरा पंपही लागेल. बोटांची टोकं आणि अंगठे सगळ्यात आधी करा. सगळे तळहातापासून सुरू करतात आणि टोकांपर्यंत पोचतात तेव्हा हात कोरडे झालेले असतात. आणि कॅन्युलाला लागतात ती टोकंच.

पुरवठा तुटला म्हणून पाणी घालून वाढवू नका. अल्कोहोल ६० टक्क्यांच्या खाली गेलं की काम करत नाही. झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतूनही उन्हाळ्यात अल्कोहोल उडत राहतं, शिल्लक राहतं ते पाणी. रिकाम्या बाटलीत वरून ओतून भरत राहणंही चुकीचं. बाटली रिकामी करा, धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच भरा.

रुग्णालयाच्या फार्मसीत बनवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा दुसरा नुस्खा १० लिटरसाठी असा: आयसोप्रोपाइल अल्कोहोल ९९.८ टक्के ७५१५ मिलि, हायड्रोजन पेरॉक्साइड ३ टक्के ४१७ मिलि, ग्लिसरीन ९८ टक्के १४५ मिलि, बाकी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घालून १० लिटर पुरे करायचे. मग ७२ तास बंद ठेवायचं. त्या काळात अल्कोहोलमधले किंवा बाटलीतले बीजाणू पेरॉक्साइडमुळे मरतात. हात चोळताना जंतू मारण्याचं काम पेरॉक्साइडचं नाही, ते अल्कोहोलचंच. ग्लिसरीन मोजून घाला. ते कमी पडलं तर हात फुटतात, जास्त झालं तर हात चिकट होतात आणि सिस्टर वापरायचं टाळतात.

साठा सावलीत, ऑक्सिजन सिलिंडरपासून लांब. हे मिश्रण आपल्या नेहमीच्या तापमानातही पेट घेऊ शकतं, भर उन्हाळ्यात तर जास्तच. म्हणूनच हात पूर्ण सुकल्याशिवाय इनक्यूबेटरच्या खिडकीतून आत घालू नयेत. आत ऑक्सिजन असतो, आणि ती वाफ बाळ श्वासातही घेतं.

ओटी_चाळीसगाव

फ्युमिगेशन मात्र एकदा करून घ्याच. फॉर्मॅलिनने रात्रभर बंद ठेवलं की सगळे जंतू संपतात. भिंती, जमीन, एसीच्या जाळीचे स्वॅबही पाठवा, म्हणजे कुठे आहे ते कळेल.

नवजात_धुळे

@ओटी_चाळीसगाव, तळमळ समजते, पण इथे माझं मत वेगळं आहे. फॉर्मॅलिनची वाफ फुफ्फुसांना घातक आहे. ती गादीत, फोममध्ये मुरते आणि नंतर बाळाच्या अंगावर येते. शिवाय १५ बाळं हलवायची म्हणजे जास्त हात, जास्त गर्दी, जास्त धोका. क्लेबसिएला भिंतीवरून उडी मारत नाही, तो हातावरून आणि ओल्या वस्तूंवरून जातो. सरसकट स्वॅब पाठवले तर जमिनीवर काहीतरी उगवणारच, आणि त्याचा या दोन बाळांशी संबंध लावता येत नाही.

त्याऐवजी एका कागदावर दोन्ही बाळांच्या रांगा करा: दाखल तारीख, खाट क्रमांक, कॅन्युला कधी घातला, कोणतं द्रावण, कुठल्या बाटलीतून औषध विरघळवलं, सक्शन झालं का, दूध कोणतं, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं श्वासाचं यंत्र) होता का. दोघांत जुळणारी गोष्ट सापडली की स्वॅब त्याच जागेचा घ्या.

पुसायची ती वस्तू, जिला रोज हात लागतो: वॉर्मरची बटणं, सिरिंज पंपाचा पॅड, मॉनिटर, स्टेथोस्कोप, टेलिफोन, दाराची मूठ, फाइल. हे प्रत्येक पाळीत पुसा. मोबाइल आत येत असेल तर त्यालाही तोच नियम. इनक्यूबेटरचं पारदर्शक झाकण स्पिरिटने पुसू नका, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात आणि त्यांत जंतू राहतात. बाळ आत असताना साबणाचं पाणी आणि नंतर साध्या पाण्याचा पुसारा पुरेसा. आणि मावशींना सांगा, काळं फिनाइल बाळांच्या पाळण्यांच्या, इनक्यूबेटरच्या आसपासही नको. फिनॉलच्या जंतुनाशकांमुळे नवजात बाळांची कावीळ वाढल्याचं जुनं निरीक्षण आहे.

जमिनीवर रक्त-मल सांडलं तर १ टक्का हायपोक्लोराइट. ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्के क्लोरीन असेल तर लिटरला ३३ ग्रॅम. ते रोज ताजं करा. आपल्याकडच्या उन्हात क्लोरीन झपाट्याने उडतं, कालचं द्रावण आज मोजणीत कमी भरतं. डबा अपारदर्शक, झाकण घट्ट.

इनचार्ज_सिस्टर

कागद केला. जुळलेल्या गोष्टी दोन. दोन्ही बाळांची औषधं एकाच १०० मिलि सलाईनच्या बाटलीतून विरघळवली होती. बाटलीत एक सुई कायम खोचलेली असते, दर वेळी नवीन टोचावी लागू नये म्हणून. दुसरं, हे टेबल आतल्या बेसिनला लागून आहे. उरलेलं डेक्स्ट्रोज आणि दूध त्याच बेसिनमध्ये ओततात.

नवजात_धुळे

सिस्टर, मग आजच दोन कामं करा, कल्चरची वाट न पाहता.

खोचलेली सुई म्हणजे बाटलीला कायमची उघडी खिडकी. दर वेळी कुणाचा ना कुणाचा हात त्या सुईच्या तोंडाला लागतो, आणि आत गेलेले थोडे जंतूही या उकाड्यात काही तासांत खूप वाढतात. त्या पाण्याने विरघळवलेलं औषध सरळ शिरेत जातं, तिथे कातडीचाही आडोसा नाही. ती बाटली आता बंद. औषध विरघळवायला ५ किंवा १० मिलिच्या एकदाच वापरायच्या कुप्या. त्या मिळेपर्यंत एका बाळाला एक बाटली, तीवर बाळाचं नाव आणि उघडल्याची वेळ, दर वेळी रबर स्पिरिटने पुसून नवी सुई, २४ तासांत फेकायची. जी बाटली फेकाल त्यातलं थोडं प्रयोगशाळेला जरूर द्या.

थ्री-वे किंवा कॅन्युलाचं तोंड उघडण्याआधी ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने १५ सेकंद घासायचं, नुसतं टेकवायचं नाही. नंतर सुकू द्यायचं. अल्कोहोल मारतं ते सुकता सुकता.

बेसिनचं असं: पाइपाच्या वळणात पाणी साचून राहतं, त्यात जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. दूध आणि साखरेचं पाणी ओतणं म्हणजे त्याला रोज खाऊ घालणं. नळाची धार थेट जाळीवर पडत असेल तर ते शिंतोडे आजूबाजूला उडतात. टेबल बेसिनपासून किमान १ मीटर हलवा. जागाच नसेल तर मध्ये उभा आडपडदा लावा, पुसता येईल असा, बेसिनच्या काठापेक्षा बराच उंच. दूध, द्रावण, सक्शनचं पाणी यांना ते बेसिन बंद. हे सगळं घाण खोलीच्या सिंकमध्ये ओतायचं. हात धुवायचं बेसिन फक्त हात धुवायला.

पाणी टँकरचं असेल तर टाकीतल्या पाण्याची ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन, पाण्यातला क्लोरीन मोजायची) रोज करा, ०.५ पीपीएमपेक्षा कमी क्लोरीन चालू नये. नळ नसेल त्या दिवशी तोटीचा २० लिटरचा झाकणबंद डबा स्टँडवर ठेवा. बादलीत हात बुडवून धुणं किंवा मग्याने घेणं नको. तसंही आत आल्यावर हात दिसायला स्वच्छ असतील तर चोळणंच पुरेसं आहे. साबण-पाणी लागतं ते हाताला दिसणारी घाण, रक्त, शी असली तर, आणि तेव्हा ४० ते ६० सेकंद. ही गोष्ट तुमच्या भेगा पडलेल्या सिस्टरना मुद्दाम सांगा: दर वेळी धुवून लगेच वर सॅनिटायझर असं दोन्ही करायचं नसतं. कातडी त्यानेच फुटते, आणि ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होतं ते वेगळंच. फुटलेल्या कातडीवर जंतू जास्त राहतात. पाळी संपल्यावर खोबरेल तेल किंवा मलम लावायला द्या. भेग उघडी असेल तोवर त्यांना कॅन्युलाचं काम देऊ नका.

हात पुसायला सामायिक टॉवेल असेल तर तो आजच काढा. वर्तमानपत्राचे हातभर तुकडे कापून, गुंडाळून ऑटोक्लेव्ह केले तरी उत्तम चालतात, स्वस्तही पडतात. एक तुकडा एका माणसाला, त्याच तुकड्याने नळ बंद.

सातपुडा_परिचारिका (नंदुरबार)

आयांबद्दल लिहिते, कारण तो प्रश्न बाजूला राहतोय.

आईला जंतूंच्या भीतीने लांब ठेवू नका. केएमसीत आईच्या कातडीवरचे साधे जंतू बाळावर बसतात, ते दवाखान्यातल्या क्लेबसिएलाला जागा देत नाहीत. भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर केएमसी दिली तेव्हा मृत्यू २५ टक्के कमी झाले, जंतुसंसर्गाचा संशयही कमी बाळांत आला. शिवाय आई फक्त स्वतःच्याच बाळाला हात लावते. आपण पाच बाळांना लावतो. म्हणून कडक नियम आधी आपल्याला: अंगठी, घड्याळ, बांगडी, मनगटाचा दोरा, नेलपॉलिश काही नाही. कोपराच्या खाली काहीच नको.

आईच्या काचेच्या बांगड्यांवरून वाद घालू नका. बांगड्या वर सरकवायच्या, जिथे अडतात तिथे धरायच्या आणि मनगट, बांगड्या दोन्हींना साबण लावायचा. जड कडी असतील आणि तिची तयारी असेल तर काढून नावाच्या पुडीत, तिच्याच पदराला. अंगठ्या मात्र काढायला लावा, त्यांच्याखाली ओल राहते. नखं कापायची कात्री दारात ठेवा आणि पहिल्याच दिवशी कापा.

रावेर-यावलकडच्या बाया केळीच्या कामाला जातात. चिकाने बोटं काळी पडलेली असतात, ते डाग घासून जात नाहीत. तो मळ नव्हे. त्यावरून बाईला सगळ्यांसमोर बोललं की ती दुसऱ्या दिवशी केएमसीला येत नाही, आणि नुकसान बाळाचं होतं. कापूस वेचणाऱ्यांच्या नखांजवळ चिरा असतात, तिथे मात्र पू आहे का ते बघा. असेल तर ती बरी होईपर्यंत दुसऱ्या कुणी, आजीने किंवा मावशीने केएमसी द्यावी. आईला बरं नसलं तरी दूध काढून देता येतं, ते थांबवू नका. मशेरी लावणाऱ्यांना वेगळं सांगावं लागतं: मशेरी झाली की तोंड धुवायचं आणि हात पुन्हा साबणाने.

भिंतीवरचं मराठी पोस्टर धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरी, भिली बोलणाऱ्या आईला उपयोगाचं नाही. अहिराणी बोलणाऱ्यांना ‘माय, बाळले हात लावाना पहिले हात धुई ल्या’ एवढं म्हटलं तरी काम होतं. बाकीच्यांना करून दाखवायचं, मग तिच्याकडून करवून घ्यायचं, आणि तिसऱ्या दिवशी तिनेच नव्या आईला दाखवायचं. एका आईने दुसरीला शिकवलेलं पक्कं बसतं.

दूध काढण्याआधीही हात धुवायला सांगा, फक्त केएमसीआधी नव्हे. वाटी-चमचा २० मिनिटं उकळलेला, झाकलेला. आपल्याकडे मे महिन्यात काढलेलं दूध खोलीत ठेवू नका, ते लगेच पाजा, नाहीतर फ्रिजमध्ये.

इनचार्ज_सिस्टर

खोचलेली सुई आज दुपारीच काढली, बाटलीतलं द्रावण प्रयोगशाळेला पाठवलं. टेबल उद्या हलवतो. पंप सिरिंजमध्ये मोजला, एका दाबात १.२ मिलि येतं. सॅनिटायझरची मागणी ५०० मिलिच्या १०० बाटल्यांची लिहिली आहे. एक राहिलं: सीपॅपच्या ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणारा भाग) पाणी कमी झालं की वरून घालतो, ते बरोबर आहे का?

नवजात_धुळे

नाही. राहिलेलं पाणी ओतून टाकायचं, चेंबर रिकामं करून मग निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी भरायचं. पूर्ण पाणी रोज बदलायचं, पाळीच्या नोंदवहीत वेळ लिहून. नळ्यांत साचलेलं पाणी बाळाकडे किंवा परत चेंबरकडे ढकलायचं नाही, काढून टाकायचं, आणि नंतर हात चोळायचे. १०० बाटल्यांचा हिशेब बरोबर बसतो. पाचव्या दिवशी रेघा बघून इथे कळवा.